सातव्या टेबलावरचा आवाज

प्रिय इरा आणि निहार,

मध्यंतरी फोनवर बोलताना माझा कॉम्प्युटर मध्येच बडबडला, तेव्हा निहारने विचारलं, "आजी, तुझ्या कॉम्प्युटरमधला माणूस सारखा चिडलेला का असतो?" मी हसले आणि विषय बदलला. चार दिवसांनी इराने मला कॉम्प्युटरसाठी एक नवा आवाज पाठवला. बाईचा, गोड, वाक्य संपलं की किंचित थांबणारा, आणि मराठी तर इतकं स्वच्छ की पुण्याला शिकून आल्यासारखं. तो मी दोन दिवस ऐकला आणि काढून टाकला. का, असं इराने विचारल्यावर मी म्हटलं, सवय. ते खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि ते माहीत असलेल्यांपैकी आता आजोबा आणि मी एवढेच या घरात उरलो आहोत. आजोबा हल्ली जुनं काही विचारलं की "तुझ्या आजीला विचार" म्हणतात. म्हणून लिहून ठेवते.

आधीच्या प्रकरणांत माझी शाळा आणि कॉलेज येऊन गेलं. हे प्रकरण मी पस्तिशी ओलांडल्यानंतरचं आहे, तुमची आई तेव्हा शाळेत जात होती. तरीही मी ते मोठं होण्याच्या गोष्टींतच घालते आहे. त्या वर्षांत मला जिना उतरणं, आमटी वाढणं आणि वाचणं, तिन्ही पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं.

आमचं घर महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत होतं. खाली आजोबांचं भांड्यांचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि देवघर, वर माझा टायपिंगचा क्लास. खालून तांब्या-पातेल्यांचे आवाज, वरून अकरा मशिनांचा कडकडाट, आणि या दोन्हींच्या मधे राहणाऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना सगळे अव्वा म्हणत. माहेर निपाणीकडचं, त्यामुळे देवाशी कानडीत बोलायच्या आणि आमच्याशी कोल्हापुरीत. पाहुणा आला की त्या आधी वर आवाज द्यायच्या, "जरा ती गिरणी बंद करा की." सोमवारी हुग्गी व्हायची. शिजलेला गहू, गूळ, वेलदोडा, वरून दूध आणि केळं. त्या वासाने साडेअकराच्या बॅचचा स्पीड हमखास पडायचा.

अकरा मशिनांपैकी सात इंग्रजी आणि चार मराठी. मी दोन्ही शिकवायचे. माझे नियम ठरलेले होते: नखं कापलेली, पाठ ताठ, आणि कीबोर्डकडे बघायचं नाही. बघू नये म्हणून प्रत्येक मशीनवर मी सुताराकडून एक लाकडी झाकण करून घेतलं होतं, त्याखाली हात घालून टाइप करायचं. दिवसातून पन्नास वेळा माझं एकच वाक्य असे, "खाली बघू नका, बोटांना माहीत आहे." आणि मी खिडकीपाशी बसून ऐकत असे. ओळ संपल्याची घंटा, कागद धरणारं कॅरेज मागे ढकलल्याचा खर्रकन आवाज, कुणाची करंगळी दुबळी पडते आहे, कोण 'स्पेस' अंगठ्याऐवजी बोटाने मारतो आहे, हे सगळं मला पाठ फिरवूनही कळे. मुलींना वाटे बाईंना मागे डोळे आहेत. खरं म्हणजे तोवर पुढचेच कमी व्हायला लागले होते.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग कडेचं, मग उरलं ते नळीतून बघितल्यासारखं. मिरजेला मी एकटीच गेले होते, तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे थांबणार नाही. मी घरी येऊन सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढलाय. हे मी का केलं? मी शिस्तीची बाई होते, आणि शिस्तीच्या माणसाला घरच्यांनी आपल्यासाठी वाटेतल्या वस्तू बाजूला केलेल्या सोसत नाहीत, एवढंच म्हणता येईल. मी पावलं मोजून ठेवली. जिन्याच्या पायऱ्या सतरा. क्लासच्या दारापासून खिडकी नऊ पावलं. टेबलांच्या दोन ओळी, एक ते सहा डावीकडे, सात ते अकरा उजवीकडे.

खंडेनवमीला क्लासमध्ये मशिनांची पूजा होई. त्या दिवशी कुणी टाइप करायचं नाही. मशिनं पुसून, तेल देऊन ठेवायची, आणि मी ताट घेऊन एकेका कॅरेजला हळद-कुंकू लावून झेंडूचं फूल वाहायची. त्या वर्षीही सगळे विद्यार्थी भिंतीला लागून उभे होते, अव्वा गुडघे दुखत असूनही वर आल्या होत्या. सहा झाली, वळले, सातव्यापाशी आले. नेहमीच्या उंचीवर हात गेला तर बोटाला काही लागलं नाही, म्हणून जरा खाली नेला आणि टेकवलं. हळद, कुंकू, फूल. पुढे निघाले आणि मला खोलीतली शांतता जाणवली. चाळीस माणसं श्वास न घेता उभी असली की कळतं. सातवं मशीन आदल्या दिवशी दुरुस्तीला गेलं होतं. मीच पाठवलं होतं. मी रिकाम्या टेबलाला कुंकू लावलं होतं.

 तेवढ्यात अव्वांच्या बांगड्या वाजल्या. त्या सावकाश चालत आल्या, माझ्या ताटातलं एक फूल उचललं, त्याच जागी ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बराबर हाय. मशीन गेलंय, जागा हाय न्हवं? जागेलाबी मान लागतोय." मग मुलांकडे वळून, "काय बघालाय? नमस्कार करा की." सगळ्यांनी रिकाम्या टेबलाला नमस्कार केला.

खाली आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावलं, मला पाटावर बसवलं आणि विचारलं, "किती दिसालंय तुला? खरं सांग." मी सांगितलं. त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला आधी सांगायचं व्हतं. मी वाटंत पाट टाकते रोज." त्या दिवसापासून आमच्या घरात पाट कधी वाटेत नसे. आजोबांनाही त्यांनीच सांगितलं. आजोबा दुकानातून उठून आत आले, माझ्यासमोर बसले आणि त्यांनी विचारलं की मिरजेला तू एकटी कशी गेलीस. त्यांना लागलं होतं ते तेवढंच.

यानंतरची दोन-तीन वर्षं मी थोडक्यात सांगते. नळी मिटत गेली आणि शेवटी फक्त उजेड आणि अंधार उरला. त्याच काळात गावात कॉम्प्युटर आले. लोक म्हणू लागले की टायपिंग शिकायचं तर कॉम्प्युटरवरच. मीही एक कॉम्प्युटर भाड्याने आणून ठेवला, पण त्याच्यापाशी बसले की मी पूर्ण आंधळी होत असे. टाइपरायटरवरचा कागद मला दुसऱ्या कुणाकडून वाचून घेता येई आणि चुका तर मी ऐकूनच पकडे. कॉम्प्युटरचा कीबोर्ड मात्र सगळ्यांच्या हातात सारखाच मऊ वाजायचा. कोण काय लिहितंय याचा पत्ता नाही. आजोबांनी एक दिवस जेवताना, फार हळुवारपणे, सुचवलं की आता पुरे करावं. वर तांब्याची मोठी भांडी ठेवता येतील, दुकानात जागा होत नाही, आणि तुलाही आराम. ते माझ्या भल्याचंच बोलत होते. पण तीस-पस्तीस वर्षं आराम करायचा म्हणजे काय करायचं, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं. मी म्हटलं, बोलणारा कॉम्प्युटर असतो असं ऐकलंय. तो एकदा बघू. मराठी आणि इंग्रजी दोन्ही उतारे मला त्याच्यावर तपासता आले तर क्लास राहील, नाही आले तर भांडी वर आणा. हे आमचं ठरलं.

ऐकलं होतं ते एका विद्यार्थिनीकडून. ती ज्या बँकेत लागली होती तिथले टेलिफोन ऑपरेटर जन्मापासून आंधळे होते आणि दुपारी फोन कमी झाले की कॉम्प्युटरवर पत्रं लिहीत. त्यांचं नाव मगदूम. पेठ वडगावहून रोज एस.टी.ने येत. मी बँकेला फोन केला तर त्यांनीच उचलला. माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "ताई, रविवारी राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात या. मीबी येतो. तुमच्या मालकांनाबी आणा, पण त्यांना म्हणावं गप बसायचं."

जाण्याआधी मी माझ्या टाइपरायटरवर एक यादी केली. ती मला वाचता येणार नव्हती, पण टाइप केल्याशिवाय मला विचार करता येत नाही. कीबोर्डच्या कळा खोल दाबल्या जाणाऱ्या आणि आवाज करणाऱ्या हव्यात. पहिल्या बोटांच्या कळांवर हाताला लागेल अशी खूण हवी. माउसशिवाय सगळं करता यायला हवं. कॉम्प्युटर चालू केला की कुणाला हाक न मारता त्याने आपोआप बोलायला लागावं. आणि मी गप म्हटलं की गप बसावं.

दुकानदार चांगला माणूस होता, पण तो आणि आजोबा माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलू लागले. त्याने सर्वांत मोठा पडदा दाखवला, रंग कसे उठून दिसतात ते सांगितलं, आणि आजोबांनी, माझ्यासाठी काही कमी पडू नये म्हणून, तो घ्यायचं जवळजवळ कबूल केलं. तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावरून मगदूम म्हणाले, "एवढा मोठा पडदा कशाला ओ पावणं? ताई काय पुसत बसणार?" दुकानदार ओशाळला. आजोबा मात्र हसले, आणि मगदूमांनी सांगितल्याप्रमाणे त्यानंतर खरोखर गप्प बसले.

वाचून दाखवणारे दोन प्रोग्राम होते, दोन्ही परदेशी, दोन शेजारशेजारच्या कॉम्प्युटरवर नमुन्यादाखल घातलेले. एकाचा आवाज बाईचा, गोड, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. दुसरा पुरुषाचा, नाकातून येणारा, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. तुमची आईही आमच्यासोबत आली होती, ती लगेच म्हणाली की ही बाई घेऊया. आजोबांनाही तीच आवडली. मलाही आवडली, खोटं कशाला सांगू. दिवसभर कानाशी कोण बसणार असेल तर ते गोड बोलणारं असावं असं कुणालाही वाटेल.

मगदूमांनी मात्र पत्र्याच्या डब्याचा वेग वाढवत वाढवत इतका नेला की आम्हाला मक्याच्या लाह्या फुटल्यासारखं ऐकू येऊ लागलं, आणि ते मान डोलावत ऐकत बसले. मग मला म्हणाले की दोन्हींवर स्वतः टाइप करून बघा, आवाज ऐकू नका, बोट आणि आवाज यांच्यामधलं अंतर ऐका. मी केलं. गोड बाई कळ दाबल्यावर आधी जरासा श्वास घेई आणि मग अक्षर सांगे. तोवर माझं बोट तिसऱ्या अक्षरावर गेलेलं असे. डबा कळ दाबताक्षणी बोले, आणि पुढची दाबली की मागचं अक्षर अर्धं तोडून पुढचं बोले. त्याच्यात माझी टाइपरायटरची चाल होती.

इंग्रजी दोन्हींनी वाचलं. मग मी पर्समधून फ्लॉपी काढली. तिच्यात माझ्या एका विद्यार्थिनीने भाड्याच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेला मराठी उतारा होता. खरी परीक्षा तीच. दुकानदाराने ती घातली. गोड बाईने अगदी आत्मविश्वासाने काहीतरी वाचायला सुरुवात केली, आणि त्यात एकही शब्द मराठी नव्हता, इंग्रजीही नव्हता. डब्याने तेच जास्त जोरात वाचलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. दुकानदार म्हणाला, "मराठी बोलत न्हाईत ताई ही. कुठलंच बोलत न्हाई. इंग्रजीचं काम करायचं तुम्ही."  मराठीसाठी मगदूमही अजून ब्रेलच वापरत होते.

माझ्या चार मराठी मशिनांवर निम्मा क्लास चालत होता. आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "चल शैला" म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा काही भाव नव्हता, उलट त्यांचाच काहीतरी तोटा झाल्यासारखं वाटत होतं. मी उठलेही. पण मला ती बडबड कुठेतरी ऐकल्यासारखी वाटत होती. मी पुन्हा बसले आणि दुकानदाराला विचारलं की हे एकेक अक्षर सुटं बोलतं का. तो म्हणाला, बाणाची कळ दाबा. मी डब्याच्या कॉम्प्युटरवर पहिल्या शब्दावर जाऊन बाण दाबला.

"डी. ई. वाय."

माझी बोटं गुडघ्यावर आपोआप हलली. डी, डाव्या हाताचं मधलं बोट, मधली ओळ. ई, तेच बोट, वरची ओळ. वाय, उजव्या हाताचं पहिलं बोट, वर आणि आत. मराठी मशीनवर त्याच जागांवर क, म आणि ल असतात. कमल.

तुम्हाला हे थोडं समजावून सांगायला हवं. तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी सगळी इंग्रजी अक्षरंच असत. पडद्यावर त्यांना फक्त मराठी रूप चढवलेलं असे, आणि आमच्या फॉन्टमध्ये ते टाइपरायटरच्या जागांप्रमाणेच चढवलं होतं. डबा बिचारा खोटं बोलत नव्हता, तो आतलं सांगत होता. ते मराठीत आणायला माणसाच्या बोटांत दोन्ही कीबोर्ड एकावर एक बसलेले हवे होते, आणि मी पंधरा वर्षं दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

मी बाण दाबत गेले. सुरुवातीला अडखळत, मग जरा बऱ्या चालीने. दुसरी ओळ अर्धी झाल्यावर थांबले आणि दुकानदाराला म्हटलं, "इथे 'पवन' पाहिजे, 'पवल' पडलंय. मुलीचं उजवं पहिलं बोट एक घर जास्त सरकतं, मी तिला कालच सांगितलंय. बघा बरं पडद्यावर."

त्याने बघितलं.  मग म्हणाला, "व्हय की."

मी तेच गोड बाईवर करून बघितलं. ती प्रत्येक अक्षराआधी श्वास घेत होती आणि त्या फटीत माझी बोटं मागचं अक्षर विसरत होती. चार शब्दांतच मी सोडून दिलं. मगदूम म्हणाले, "ताई, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. मला तुमच्या क्लासात घ्या." पुढे ते खरोखर आले, दर रविवारी, वर्षभर. मराठी मशीनवरच्या लाकडी झाकणाची गरज नसलेला माझा तो पहिला विद्यार्थी.

आजोबा दुकानदाराला एवढंच म्हणाले, "हा नाकात बोलणारा द्या. आणि पडदा असेल त्यातला सगळ्यात बारका."  रिक्षा महाद्वार रोडला वळताना म्हणाले, "भांडी खालीच राहूदेत."

कॉम्प्युटर सातव्या टेबलावर ठेवला. तिथलं मशीन दुरुस्तीनंतरही नीट चाललं नव्हतं आणि जागा रिकामीच होती. खरं सांगायचं तर ते काम फार हळू होतं. एक पान तपासायला डोळस माणसाला लागेल त्याच्या पाचपट वेळ लागे, आणि संध्याकाळी कान दुखत. पण क्लास राहिला, आणखी बरीच वर्षं राहिला. नवे विद्यार्थी बाईंचा पडदा बंद का असतो म्हणून एकमेकांना विचारत आणि चूक सापडली की विचारणं बंद करत. अव्वा त्या आवाजाला 'पावणा' म्हणत. जेवायची वेळ झाली की जिन्याखालून हाक येई, "शैला, पावण्याला गप कर आणि जेवाय ये." पहिल्या खंडेनवमीला त्यांनी माझा हात धरून कीबोर्डच्या कडेला कुंकू लावायला लावलं, आणि मग तोच हात ओढून बाजूच्या लाकडावर, त्या जुन्या जागी. "तिला इसरायचं न्हाय," म्हणाल्या. पुढे दरवर्षी दोन्हीकडे लावायचं असा रिवाजच पडला.

नंतर मराठी सरळ वाचणारे प्रोग्राम आले, आणि माझ्या डब्यालाही मराठी शिकवलं गेलं. बोलतो नाकातूनच. इरा, तू पाठवलेला आवाज वाईट नाही. पण तो अजून श्वास घेतो.

अव्वा गेल्या. मगदूमही गेले. दहा मशिनं भंगारात दिली, एक मराठी मशीन माळ्यावर आहे, रिबन मिळत नाही. क्लासच्या खोलीत आता खरंच तांब्याची भांडी आहेत. सातवं टेबल मात्र मी खाली माझ्या खोलीत आणून घेतलं. त्याच्या उजव्या कडेला कुंकवाचा थर आहे, बोट फिरवलं की थोडा खरखरीत लागतो. हे प्रकरण मी त्याच टेबलावर टाइप केलं आणि त्याच आवाजाने मला ते परत वाचून दाखवलं.